नमुन्यातली हिरवी झाक

आमच्या घरातल्या जेवणाला थिनरचा वास यायचा आणि तो घरातल्या कुणालाच कळत नसे. एखादा पाहुणा घास तोंडाशी नेताना थबकला की माय म्हणायची, "खावा हो, रंग न्हाई कालवला त्यात." मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांना चिकटून पत्र्याचं शेड. शेडमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, गाड्या रंगवायचे. सकाळी मला जाग यायची ती कॉम्प्रेसरच्या धडधडीने, नाहीतर पत्र्यावर घासल्या जाणाऱ्या वॉटर पेपरच्या खसखशीने. पॅसेंजर यायची वेळ झाली की अण्णा हातातली स्प्रेगन खाली घेऊन थांबत, कारण रेल्वे जाताना छताच्या पत्र्यांवरची धूळ झडायची आणि ओल्या रंगावर बसायची. रेल्वे उशिरा असली की अण्णाही तेवढे ताटकळायचे, आणि माय आतून ओरडायची, "लेट हाय वाटतं तुमची गाडी, तवर चहा तरी घ्या." रेल्वेत आमचं कुणी नसताना आमचं घर रेल्वेच्या वेळापत्रकावर चालायचं.

अण्णांच्या नजरेचं शहरात नाव होतं. रंग मोजून मिसळणारी यंत्रं तेव्हा आमच्या औरंगाबादेत सगळीकडे आली नव्हती. गाडीचा एखादा दरवाजा चेपला आणि बाकीची गाडी उन्हात आठ वर्षं विटलेली असली, तर त्या विटक्या रंगाला जुळणारा नवा रंग डोळ्यांनीच शोधावा लागे. अण्णा तो शोधायचे. त्यांची पद्धत अशी की आधी रंगाचा नमुना एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीवर मारायचा, ताटलीला भोक पाडून ती तारेने अंगणातल्या शेवग्याला टांगायची आणि तीन दिवस येता-जाता बघायची. "सकाळचा रंग निराळा, बाराचा निराळा, दिवे लागायच्या आधीचा निराळा," ते म्हणायचे, "तिन्ही टायमाला पटला तर तो रंग." या पद्धतीपायी मायच्या लग्नातल्या सगळ्या जर्मनच्या ताटल्या शेवग्याला लागल्या. ती भांडीवाल्या बाईला म्हणायची, "आमच्यात ताटं झाडाला येत्यात."

मी नऊ वर्षांची असताना एका दुरुस्त केलेल्या स्कूटरकडे बोट करून म्हणाले होते, "अण्णा, ह्यो लाल दुसरा हाय." अण्णांनी स्कूटर उन्हात नेली, बराच वेळ बघितली, आणि सगळं काम पुन्हा केलं. त्या दिवसापासून घरात नियम झाला. डब्यात रंग मिसळून झाला की "सुमे, बघ गं" अशी हाक यायची, आणि मी हो म्हटल्याशिवाय तो रंग गनमध्ये जायचा नाही. मी शाळेत असले तर गाडी थांबायची, पुढे कॉलेजात असले तरी थांबायची. "रंगाला चार डोळे लागत्यात," अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे, "दोन माझे, दोन हिचे." मला भाऊ नव्हता. त्याची खंत अण्णांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही, आणि त्याचं कारण ही हाक आहे असं मी मनाशी धरलं होतं.

निळा तर आमच्या घरचाच रंग. दर एप्रिलात जयंतीच्या आधी वस्तीतल्या विहाराची कमान आणि झेंड्याचा खांब अण्णा रंगवायचे. त्या निळ्याला नमुना लागत नसे, तो त्यांच्या मनात होता. ज्या वर्षाची ही हकिगत, त्याच्या आदल्या एप्रिलात मी कमानीखाली उभी राहिले आणि वर बघतच राहिले. निळा जांभळ्याकडे गेला होता. फार नाही, पण गेला होता. वस्तीतल्या एवढ्या माणसांनी ती कमान पाहिली आणि "यंदा गडद घेतला व्हय अण्णा, शोभतोय" असं म्हणत सगळे पुढे गेले. अण्णांच्या निळ्याला चूक म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. घरी येऊन मी मायला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "वय झालं की नजर उतरतीच. पर बोलू नगंस त्यांना. त्यांचं समदं त्या नजरंवर हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग मी मूठ झाकायच्या मागे लागले. अण्णांनी हाक मारली की जायचं, बघायचं, आणि चूक दिसली तर चूक न म्हणता आवडीनिवडीचा प्रश्न असल्यासारखं म्हणायचं, "अण्णा, हिरवा दोन थेंब टाका की, लई भारी दिसंल." ते माझ्याकडे बघायचे, थोडे घुटमळायचे आणि टाकायचे. त्यांना ती ताटली हिरवट दिसत असणार, तरी टाकायचे. वर्षभर हे चाललं आणि एकही गाडी परत आली नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटायचा. वीस वर्षांची मुलगी, बापाचं दुकान आपण सांभाळतोय अशा घमेंडीत होते मी. हे बोलून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं किती सोपं होतं, हे आज कळतं.

त्यातच ती गाडी आली. जपानी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. दिवे लावले की ते बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे, आणि ते बघायला गल्लीतली सगळी पोरं दाराशी जमायची. ती होती पाचोडच्या जयदीपची. त्याच्या घरी मोसंबीच्या बागा होत्या, तो स्वतः इथं एका कारखान्यात इंजिनिअर होता. आखातात नोकरी केलेल्या मामाने परत येताना आणलेली ही गाडी मामाच्या पश्चात त्याच्याकडे आली होती. इंजिन, सायलेन्सर, स्प्रिंगा असं सगळं त्याने पुण्याहून बदलून आणलं होतं. आता राहिला होता रंग आणि चाकं. त्याच्या वडलांना या गाडीचा राग होता. "दोन माणसाची गाडी," ते म्हणायचे म्हणे, "तिसरा काय टपावर बसंल?" जयदीप हे हसत सांगायचा. अण्णांना तो पेंटरकाका म्हणायचा, आमच्याकडे चहा प्यायचा, भाकरी खायचा, आणि मला ताई म्हणायचा नाही. ते माझ्या लक्षात होतं.

रंग ठरवण्यात दोन महिने गेले, आणि माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दोन महिने होते. रविवारी सकाळी तो यायचा आणि शेवग्याखाली बैठक बसायची. त्याने एका मासिकातलं बिनचकाकीच्या काळ्या गाडीचं चित्र आणलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "ही तर प्रायमर मारून सोडलेली गाडी हाय. पेंटर पळून गेला काय ह्यांचा?" मग त्यांनी त्याला समजावलं. साधा रंग म्हणजे नुसती भाकरी. मेटॅलिक म्हणजे तीळ लावलेली भाकरी, कण न् कण दिसतो. आणि पर्ल म्हणजे गरम भाकरीवर फिरवलेलं तूप, उजेडाला धरली तरच चमकतं. जयदीप म्हणाला, "मग तूपच लावा काका." निळा पर्ल ठरला. कोणता निळा, याच्या अकरा ताटल्या शेवग्यावर चढल्या. माय म्हणाली, आता फणसाच्या झाडाला फणस असतात तेवढ्या झाल्या. सातवी ताटली तिन्ही वेळांना तिघांनीही पसंत केली. सकाळी ती स्वच्छ निळी असायची, दुपारी उजळायची, आणि तिन्हीसांजेला इतकी खोल जायची की बघत राहावं. त्या सातवीतही मी शेवटी चार थेंब हिरवा टाकायला लावला होता.

चाकांसाठीही ताटल्याच कामाला आल्या. अण्णांनी एकेका ताटलीला पितळी, पांढरा, काळा आणि बंदुकीच्या नळीसारखा करडा असे रंग मारले. त्या ताटल्या लांबीच्या, म्हणजे पुटीच्या गोळ्याने गाडीच्या जुन्या चाकांवर चिकटवल्या आणि निळी सातवी ताटली वर बॉनेटवर ठेवली. मग आम्ही तिघे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचो आणि डोळे बारीक करून बघायचो. येणारे-जाणारेही थांबून मत द्यायचे. पांढरं चाक जयदीपला बघवतसुद्धा नव्हतं. "नवरदेवाच्या बुटासारखं दिसतंय काका, काढा आधी." पितळी मात्र बघताक्षणी सगळ्यांनी मान्य केली. "निळ्याला पितळच," अण्णा म्हणाले. "दोघंबी एकमेकाला वर उचलत्यात." जयदीप त्यानंतर प्रत्येक रविवारी पितळी चाकांबद्दलच बोलायचा. कुठल्याशा इंटरनेटच्या दुकानात तासभर बसून छापून आणलेले कागद तो खिशात घेऊन फिरायचा, आणि ते घामाने मऊ झाले होते.

औरंगपुऱ्यात एका चाकांच्या दुकानात पितळी मॅगव्हीलचा नग आलाय असा निरोप आला, तेव्हा फाल्गुन चालू होता. अण्णाच म्हणाले, "सुमे, तू जा ह्यांच्यासंगं. छापलेल्या कागदाचं काय खरं नाय. पितळीत लाल जास्त असंल तर घेऊ नका." आम्ही रिक्षाने गेलो. दुकानात ट्यूबलाइट होती, म्हणून मी ते चाक उचलून बाहेर उन्हात न्यायला लावलं, आधी पायरीवर, मग समोरच्या सावलीत. दुकानदार वैतागला. "बाजी, चक्का है ये, साडी नहीं है." जयदीप एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. चाक चांगलं होतं, तांबूस नव्हतं, जुन्या घागरीसारखं मऊ पितळी होतं. चारही चाकं मुंबईहून मागवायचं ठरलं. काम अर्ध्या तासात झालं होतं. तिथून निघून आम्ही उसाचा रस प्यालो, मग त्याने पुस्तकांच्या दुकानात जाऊ म्हटलं, मग परत एकदा रस. मला घाई नव्हती. तो दिवस संपू नये असंच मला वाटत होतं, आणि हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले तेव्हा कॉम्प्रेसर बंद होता. पण गल्लीभर ताज्या रंगाचा वास होता. मी पळतच आत गेले. धूळ बसावी म्हणून शेडच्या जमिनीवर मारलेलं पाणी अजून वाळलेलं नव्हतं, आणि अण्णा थिनरच्या फडक्याला हात पुसत उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हाक न मारता गाडी रंगवली होती. "सकाळी वारा पडला व्हता," ते म्हणाले, "म्हनलं दुपारी वावटळ सुटायच्या आत मारून घ्यावं. तुमी आल्यावर गंमत दाखवावी." गाडीवर दरवाजातून सरळ ऊन पडलं होतं. गाडी वांग्यासारखी जांभळी झाली होती. ताज्या, तुकतुकीत, बाजारात पाणी मारून मांडलेल्या वांग्यासारखी. हात सफाईचा होता, कुठं ओघळ नाही, कुठं कण नाही. "आन् एक सांगू का," अण्णा खुशीत म्हणाले, "नमुन्यात हिरवी झाक ऱ्हायली व्हती बघ. तुझ्या थेंबानं. ती मारली मी. तू बी चुकती कधीमधी, सुमे."

अण्णांना मोतीबिंदू झाला होता हे पुढे कळलं, आणि दोन वर्षांपूर्वी माझाही मोतीबिंदू काढला. साखरेमुळे तो मला पन्नाशीच्या आतच आला. पट्टी काढून घरी आले तर स्वयंपाकघरातल्या फरशा, ज्यांना मी कितीतरी वर्षं पिवळसर समजत होते, त्या पांढऱ्याशुभ्र होत्या, आणि खिडकीबाहेरचं आभाळ इतकं निळं की मी नवऱ्याला विचारलं, आज काही झालंय का. डॉक्टरीण म्हणाली, आतली काच पिवळी पडत जाते, निळा अडवते, आणि हे इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही. म्हणजे अण्णांना माझा निळा हिरवा दिसत होता, ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी हिरवा मारायला जांभळा ओतला, आणि तो ओतलेला जांभळा त्यांना दिसत नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या दिवशी खरोखर निळी गाडी उभी होती. हे मला कळायला मला स्वतःला आंधळं व्हावं लागलं.

जयदीप माझ्या मागून आत आला आणि थांबला. त्याने गाडीकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या शेवग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. माझ्या खाली घातलेल्या मानेवरून त्याला सगळं कळलं असावं. कारण तो पुढे झाला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, लई भारी. असा रंग अख्ख्या जिल्ह्यात नाय." अण्णा हसले. मग जरा थांबून तो म्हणाला, "चाकं मात्र पांढरी करू."

"पांढरी?" अण्णा म्हणाले. "आवो, पितळी सांगून आला ना आत्ताच?"

"आली की तुम्हीच पांढरी मारून द्या."

"नवरदेवाचे बूट म्हनत व्हता तुम्ही."

"मन बदललं काका. पांढरीच खुलतील."

तो बरोबर बोलत होता. त्या जांभळ्याला पितळ लावलं असतं तर रंग चुकलाय हे रस्त्यावरच्या कुणीही ओळखलं असतं. पांढऱ्या चाकांवर तोच रंग मुद्दाम निवडल्यासारखा दिसणार होता. दोन महिने ज्या चाकांची त्याने स्वप्नं पाहिली, ती त्याने एका वाक्यात सोडून दिली. अण्णा मात्र हातातलं फडकं उगाच पिळत राहिले. रंगाच्या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कोणत्या रंगाला कोणतं चाक लागतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि निळ्याला पितळ सोडून पांढरं मागणारा माणूस त्यांना कोड्यात पाडून गेला.

तिन्हीसांजेला जेवायला बसलो. वरण होतं, भाकरी, मिरचीचा ठेचा. माय वाढत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती, कारण तिनेही शेडमध्ये डोकावून पाहिलं होतं. अण्णांनी दोन घास खाल्ले, हात ताटातच ठेवला आणि विचारलं, "सुमे, रंग बराबर हाय ना गं?"

असा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. हाक मारायचे, बघ म्हणायचे, पण बरोबर आहे ना असं कधी नाही. त्यांच्या आवाजात भीती होती. ती मला आजही ऐकू येते. त्या एका क्षणी मी खरं बोलले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं, आठ दिवस ते जेवले नसते, आणि मग दवाखान्यात गेले असते. एवढंच झालं असतं. मी म्हणाले, "व्हय अण्णा. एकदम बराबर." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांचा चेहरा पुरता खुलला नाही, म्हणून मी आणखी पुढे गेले. "नमुन्यात माझीच चूक झाली व्हती. हिरवी झाक व्हतीच त्यात."

अण्णांनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा वरण मागून घेतलं.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते लांबवत नाही. माझी नजर चुकते हे मीच त्यांना सांगितलं होतं, तेव्हा माझ्या थेंबांना आता किंमत उरली नव्हती. हाक यायची, मी सांगायचे, आणि ते मायेनं म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, मला दिसतंय नीट." गाड्या जांभळट, पिवळट, कशाही जाऊ लागल्या. गिऱ्हाइकं भांडली नाहीत. अण्णांशी भांडत कुणी नसे. ती नुसती यायची बंद झाली. शेड रिकामं राहू लागलं तसे अण्णा आल्यागेल्याला त्या गाडीची गोष्ट सांगायचे. "पाचोडच्या पोराची जपानी गाडी बघितली का? तसा निळा मी जन्मात केला नाय." ऐकणारे मान डोलवायचे. पांढऱ्या चाकांची जांभळी गाडी शहरात सगळ्यांनी पाहिलेली होती. शेवटी एका सकाळी अण्णांनी चहा कपाच्या शेजारी ओतला, पाय भाजून घेतला, आणि माय त्यांना ओढत दवाखान्यात घेऊन गेली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी धंदा विचारला. पेंटर, असं ऐकल्यावर त्यांनी पुन्हा डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी अण्णा अंगणात लहान पोरासारखे हिंडले. मायच्या लुगड्याला हात लावून बघितला, शेवग्याच्या शेंगा बघितल्या, आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. मग टांगलेल्या ताटल्यांपाशी आले. त्या अजून तिथंच होत्या, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी एक हातात धरली.

"ही कंची गं?"

"सातवी."

"जयदीपरावाची?"

"व्हय."

ती त्यांनी उन्हात फिरवली, सावलीत फिरवली. "ह्याच्यात हिरवी झाक कुठाय?" ते म्हणाले. त्यांनी ताटली सोडली, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, पाचोडला जाऊन येऊ."

एसटीत ते खिडकीशी बसले आणि वाटेतलं झाड न् झाड न्याहाळत राहिले. जयदीपचं घर गावाबाहेर, बागेला लागून होतं. गाडी दारातल्या लिंबाखाली उभी होती, आणि रविवार असल्यामुळे जयदीप घरीच होता. तो हसत बाहेर आला. ऑपरेशनचं त्याला कळलं होतं; अण्णांच्या डोळ्यांवर आता काळा चष्मा नाही हे त्याने पाहिलं, आणि त्याचं हसू तिथंच राहिलं. अण्णा गाडीजवळ गेले. बॉनेटवर हात ठेवला, दरवाजावरून फिरवत मागे नेला, पूर्ण फेरी घातली. मग खाली उकिडवे बसून एका पांढऱ्या चाकाकडे बघत राहिले. ते चाक त्यांनीच रंगवलं होतं. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जयदीपला म्हणाले, "चाकं लई समजून निवडली तुम्ही."

"काका, लोकं थांबून बघतात गाडी," जयदीप म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मला खरंच आवडते ही."

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "परत रंगवून देतो, पैसे घ्यायचो नाय." जयदीपने मान हलवली. तो शेवटपर्यंत नाहीच म्हणाला. पुढं त्याचं लग्न झालं, मोठी गाडी आली, आणि ती जांभळी त्याने विकली तेव्हाही ती तशीच होती असं ऐकलं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. अण्णांना जागा मिळाली, मी शेजारी दांडी धरून उभी होते. त्यांनी वर बघितलं. त्यांचे डोळे इतके स्वच्छ मी लहानपणानंतर पाहिले नव्हते.

"सुमे," ते म्हणाले, "त्या पोरानं झाकलं ती त्याची माणुसकी. वस्तीनं झाकलं, तुझ्या मायनं झाकलं, त्यांचं मला काय नाय. तुला मी इचारलं व्हतं. तू झाकलंस तवा मी आंधळा झालो."

मी काहीतरी म्हणाले असेन. चुकलं म्हणाले असेन, रडलेही असेन, मला खरंच आठवत नाही. ते बाहेर बघत होते. घरी आलो तेव्हा माय विहारात गेली होती, म्हणून चूल मीच पेटवली. डोळ्यांपुढे तवा दिसत नव्हता. भाकरी एका बाजूने कोळशासारखी करपली. दुसरी थापायला पीठ उरलं नव्हतं. मी ताट तसंच त्यांच्यापुढं ठेवलं. अण्णांनी भाकरी उचलली, उलटून बघितली, दारातून येणाऱ्या उजेडात धरून नव्या डोळ्यांनी नीट बघितली. मग तुकडा मोडला, खाल्ला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगली झाली."